पायरोलचं लोणचं

मी एकदा पायरोलचं लोणचं घातलं होतं. कैरीचं, लिंबाचं, ओल्या मिरचीचं लोणचं सगळ्याच बायका घालतात. पायरोलचं घालणारी बाई महाराजांच्या अख्ख्या राज्यात मी एकटीच असणार, आणि ते नासवणारीही मीच. पायरोल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घाबरून जाऊ नये. मलाही तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं, तरी मी त्यात हात घातलाच. अक्कल तोळाभर आणि हौस पायलीभर. नावच हौसा. आबांनी बारशाच्या वेळी जरा दमानं विचार करायला हवा होता.

पायरोल निघतं हाडांतून. बंद लोखंडी भांड्यात हाडं कोंबायची, खालून जाळ लावायचा आणि नळीतून काळं तेल ठिबकायची वाट बघायची. हे काम आमच्या परसातल्या पडवीत चालायचं आणि ते करायचे माझे धाकटे चुलते, तात्या. तात्या कॉलेजात रसायन शिकवायचे. कॉलेजात त्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहिला होता. पण शेजारच्या वर्गात संस्कृत चालायचं, आणि तिथले शास्त्रीबुवा नाकाला उपरणं लावून जे बाहेर पडले ते तडक वरपर्यंत तक्रार करून आले. मग हाडं आमच्या घरी आली. आबा म्हणजे माझे वडील सरकारी पागेत जमादार होते. घोड्याच्या लिदीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना वासाचं काय? ते एवढंच म्हणाले, "घोडं बुजणार न्हाय एवढं बघ, बाकी जाळ काय जाळायचं ते."

आई मी रांगत असतानाच गेली. मला वाढवलं ते काकीनं, तात्यांच्या बायकोनं. काकीचा तात्यांच्या विद्येवर विश्वास होता की नाही, देव जाणे. पण तात्यांवर होता. रविवारी तांबडा रस्सा व्हायचा, पाट्यावर मसाला वाटतानाचा तो घरर घरर आवाज आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. मग जेवायला कुणी ना कुणी टपकायचंच. जेवणं झाली की काकी पदर खोचून पंक्तीत बादली घेऊन फिरायची. "पावणं, नळी चोखून झाली का? हाडूक तेवढं माघारी द्या." पाहुणा बिचारा लाजून चूर. त्याला वाटायचं, या घरात एवढी ओढाताण आहे की हाडंसुद्धा मोजून परत घेतात. काकी काही खुलासा करायची नाही. काय करणार? आमचे हे हाडांचं तेल काढतात, त्या तेलातून अजून एक तेल काढतात, आणि ते कशालाच उपयोगाचं नाही, हे सांगण्यापेक्षा गरीब म्हणवून घेणं सोपं.

तात्यांचं वर्णन कसं करावं? काडीसारखे बारीक, कोटाच्या बाहीला तेजाबाची भोकं, बोटांची टोकं कायमची पिवळी. माणसांशी कमी बोलायचे आणि बाटल्यांशी जास्त. पण त्यांच्यातली एक गोष्ट मी पुढं कुठल्याच मास्तरात पाहिली नाही, माझ्यातही नाही, आणि मी तर जन्मभर पोरींना रसायन शिकवलं. काही बिघडलं, फुटलं, जळलं की तात्या कधीही "काय केलंस हे?" म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "आसं व्हय?" आणि खाली वाकून बघायचे. जणू त्या फुटलेल्या वस्तूनं त्यांना काहीतरी सांगितलंय आणि ते नीट ऐकू आलेलं नाही.

मला त्यांनी पडवीत पहिल्यांदा बोलावलं ते एक गंमत दाखवायला. परदेशी मालाच्या खोक्याची एक हलकी फळी फोडून त्यांनी तिची काडी केली, ती मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, बुडवली आणि एका छोट्या शिशीच्या तोंडाशी नुसती धरली. आत बुडवली नाही हं, वर धरली. बघता बघता काडी तांबडी झाली. नव्या नवरीच्या कानाच्या पाळ्या होतात ना, तशी. "हे पायरोल," तात्या म्हणाले. "ह्याच्या नावातच तांबडा रंग हाय. नुसत्या वाफेनं लाकूड लाजतंय बघ." मी आ वासून बघत होते. माझी मैत्रीण जैनब, पलीकडच्या अत्तरवाल्यांची, तीही आली होती. ती म्हणाली, "तात्या, माझ्या अब्बाच्या अत्तरानं न्हाय कधी लाकूड लाजलं." तात्यांनी आधी तिच्या अब्बांकडंच त्यांची तांब्याची देग मागितली होती, तेल ऊर्ध्वपातन करायला. अब्बांनी दोन्ही कानांना हात लावले होते. "तात्या, ह्या देगीत गुलाब उतरतोय. ह्यात तुमचं हाडूक शिरलं तर कोल्हापूरच्या समद्या नवऱ्या मांडवात बैलागत वास मारतील."

त्या दिवसापासून मी पडवीची झाले. मी धुवायचे, गाळायचे, जाळ बघायचे आणि ऐकायचे. हाडाच्या तेलात दोन भावंडं असतात, तात्या सांगायचे. एक पिरिडीन, एक पायरोल. दोघांचीही अंगं कड्यासारखी, गोल. पिरिडीनच्या कड्यात पाच कर्ब, म्हणजे कार्बन, आणि एक नत्र, म्हणजे नायट्रोजन. पायरोलच्या कड्यात चार कर्ब आणि एक नत्र. आता नत्राची ख्याती अशी की तो आम्ल दिसलं की पकडतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर होतो ना, तो नवसागर म्हणजे अमोनियातल्या नत्रानं मिठाचं तेजाब धरून ठेवलेलं. पिरिडीनही तसंच करतं. "आम्लात घातलं की त्याचं मीठ होतं," तात्या म्हणाले, "मग ते उडून जात न्हाय, वास मारत न्हाय, निवांत टिकतंय. पायजे तवा कॉस्टिक घालून परत मोकळं करायचं."

त्याचं मीठ होतं आणि मग ते टिकतं. हे वाक्य माझ्या डोक्यात शिरलं, आणि डोक्यात काकीचं स्वयंपाकघर आधीपासून बसलेलं होतं. पुढं जे झालं ते या दोघांच्या संगनमतानं झालं. मी निमित्तमात्र.

आता मधे जरा गारगोटी येते. मी मॅट्रिक झाले होते आणि गारगोटीचं एक स्थळ आबांच्या मागं लागलं होतं. घर चांगलं, शेती बागायती, मुलगा निर्व्यसनी, फक्त शिकलेली बायको नको एवढंच त्याचं म्हणणं, आणि मी तेव्हापर्यंत जे शिकले होते ते त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं होतं. तात्यांना मला कॉलेजात रसायनाच्या वर्गात बसवायचं होतं. आमच्या कॉलेजात त्या वर्गात तोवर मुलगी बसलेली नव्हती. प्रयोगशाळेत तर नव्हतीच. दोघे भाऊ यावरून भांडले नाहीत, त्यांच्यात भांडायची पद्धत नव्हती. पण चार दिवस जेवताना ते एकमेकांकडं बघत नव्हते. शेवटी आबांनी तोड काढली. "तुज्या त्या मोठ्या सरास्नी घरी बोलीव. त्येनी पोरगीला पारखून घ्यावं. व्हय म्हणाले तर कालेज. न्हाय म्हणाले तर गारगोटी. मी मधी पडत न्हाय." घोडा खरेदी करतानाही आबा असंच करायचे, पारख जाणत्याकडून.

सर, म्हणजे कॉलेजातले रसायनाचे मुख्य, यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तात्या कॉलेजात गेलेले. मी पडवीत शिशी बघायला गेले. पाण्यासारखं स्वच्छ पायरोल पिवळं पडत चाललं होतं. काठाशी तर चहासारखं. आज मला माहीत आहे, पायरोल उजेडात आणि हवेत असं काळवंडतंच, त्यात रडण्यासारखं काही नाही. तेव्हा वाटलं, नासायला लागलं! उद्या सर येतील तोवर पार जाईल आणि मी गारगोटीला. टिकवायला हवं. आणि वस्तू टिकवायची कशी हे तर कोल्हापूरच्या कुठल्याही पोरीला विचारा. मीठ करायचं. पिरिडीनचं होतं, तर भावाचं का होणार नाही? तेजाबाची बाटली फळीवर होतीच. पातळ करून घ्यावं असा एक विचार आला होता, खोटं कशाला सांगू. पण काकीचा आवाज कानात: "मिठाला हात आखडला की लोणच्याला बुरा येतो." मी हात आखडला नाही.

शिशी आधी गरम झाली. मग इतकी गरम झाली की मी ती दगडी पाट्यावर ठेवून मागं सरले. पांढरी वाफ आली, आत लाल भडकलं, लालाचं विटकरी झालं, विटकरीचं तपकिरी. उकळी शमली तेव्हा शिशीत राळेसारखा एक गोळा बसला होता. काडीनं टोचला, तर काडी त्यात अडकली. महिनोन् महिने साठवलेली हाडं, पाहुण्यांच्या तोंडून काढून घेतलेली, काकीनं अब्रू घालवून जमवलेली, त्या सगळ्यांचं मी डिंकाचं एक ढेकूळ केलं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन पोत्यावर बसले आणि गारगोटीला पाणी कुठून भरतात याचा विचार करू लागले.

तात्या आले. मी सगळं सांगितलं, लोणच्यासकट. ते पडवीत गेले, शिशी उजेडाला धरली, अडकलेली काडी हलवून पाहिली. "आसं व्हय?" म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरले नाही. राग नव्हता, आणि बळेबळे आणलेली क्षमाही नव्हती. हाडाचं एवढं थोरलं नुकसान झालेला तो माणूस खरोखर खूश झाला होता. "हौसे, पिरिडीननं मुकाट मीठ केलं. ह्यानं का केलं न्हाय? दोघांत नत्र एकच की!"

"मला काय ठावं? मी गेलो आता गारगोटीला," मी म्हणाले. आमच्याकडं बायका 'मी गेलो' असंच म्हणतात, पुण्याचे लोक हसतात, हसू देत.

तात्या पाटावर बसले आणि कोळशानं फरशीवर दोन कडी काढली. जर्मनीत कुणीतरी असं मांडलंय म्हणाले, पटतंय का बघ. असलं कडं घट्ट राहायला मधोमध सहा हात लागतात. पिरिडीनच्या कड्यात सहा जण, प्रत्येकानं एक एक हात आत दिला, झाले सहा. नत्राचे दोन राखीव हात बाहेर मोकळेच राहिले, त्यांनी तो आम्ल धरतो. पायरोलमध्ये जण पाचच. चार कर्बांचे चार हात. उरलेले दोन कुणी द्यायचे? नत्रानं. त्याचे राखीव दोन्ही हात आत वळले, कड्याच्या कामाला लागले. आता बाहेरून आम्ल आलं तर धरणार कशानं?

माझा नातू हल्ली कॉलेजात हेच शिकवतो. तो म्हणतो, आजी, हात नव्हेत गं, इलेक्ट्रॉन. बरं बाबा, इलेक्ट्रॉन. सहाचा आकडा तोच आहे ना? तो म्हणतो, पाच जणांत सहाची पुंजी, म्हणून पायरोलचं कडं श्रीमंत, कुणी भुकेलं दारात आलं की ते लगेच द्यायला उठतं. पिरिडीनमध्ये सहा जणांत सहाच, वर तो नत्र आपल्याकडं ओढून घेणारा, म्हणून ते कडं कंजूष, त्याच्याकडून काही काढायचं म्हणजे जाळ लावावा लागतो. छान सांगतो पोरगा. पण त्याला हे पुस्तकातून मिळालं. मला ते फरशीवर कोळशानं काढून दिलेलं मिळालं, आणि देणाऱ्याचं सगळं पायरोल मी नुकतंच बुडवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. गोरे, उंच, पुणेरी पगडी, शुद्ध बोलणं. काकीनं त्यांना दूध दिलं, ते त्यांनी घेतलं, याचंच काकीला केवढं अप्रूप. पडवीच्या दारात आबा उभे राहिले, हाताची घडी घालून. सर तात्यांना म्हणाले, "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. मुली पाठ उत्तम करतात, ते मला ऐकायचं नाही. पायरोल दाखवा."

"नाही," तात्या म्हणाले, आणि बोलायचं नाही हे आठवून गप्प बसले.

"म्हणजे दाखवायला काही नाही?" सरांनी काठी उचलली.

"हाय की!" मी म्हणाले. माझा आवाज पागेपर्यंत गेला असणार. मी तो गोळा पुढं केला. "काल मी त्यात तेजाब घातलो. टिकंल म्हणून."

"घातलो नव्हे. घातलं."

"घातलं. आन् त्याचं हे झालं."

सरांनी शिशीचा वास घेऊन पाहिला, मान मागं घेतली. "पिरिडीनचं असं का होत नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तात्यांचं सगळं वाक्यच्या वाक्य विसरले. कर्ब, नत्र, राखीव, सगळं गेलं. समोर आबांचा चेहरा, त्यावर काहीच नाही. आणि परसाच्या भिंतीवर रांगेनं गल्लीतल्या पोरी, गंमत बघायला चढून बसलेल्या, मधे जैनब. पंचमीला आम्ही एक फुगडी घालायचो, तिला चाक म्हणायचो. सगळ्यांनी मधे हात घालून एकमेकींची मनगटं धरायची आणि गरगर फिरायचं. सहा हात असले की चाक घट्ट बसायचं. पाच असले की एक मनगट सुटं राहून चाक ढिलं पडायचं. "जैनब, उतर खाली," मी ओरडले. "तुमी पाचजणी बी उतरा."

सहाजणींनी एक एक हात मधे घातला आणि जैनबचा दुसरा हात मोकळा ठेवला. "सर, हिला काय तरी द्या." सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दुधाबरोबर दिलेला गुळाचा खडा पुढं केला. जैनबनं फिरता फिरता झटक्यात घेतला. "हे पिरिडीन. जैनब नत्र, गूळ आम्ल," मी म्हणाले. "आता एकीनं बाहेर व्हायचं." पाच उरल्या. जैनबनं दोन्ही हात मधे घातले, पुन्हा सहा मनगटं, चाक पुन्हा घट्ट. "आता द्या." सरांनी खडा पुढं धरला. जैनब त्यांच्यासमोरून एकदा गेली, दोनदा गेली, खड्याकडं नुसती बघत. तिसऱ्यांदा म्हणाली, "सायेब, हात कुठं रिकामा हाय? तोंडात घाला की!"

सर हसले नाहीत. पण त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "आणि जबरदस्ती केली तर? काल तू केलीस तशी?"

मी पुढं गेले आणि जैनबला सोडून तिच्या शेजारच्या पोरीच्या काखेत गुदगुल्या केल्या. किंचाळून तिनं हात सोडला. चाक फुटलं, आणि फिरत्या चाकातल्या पोरी जे सापडेल ते धरत सुटल्या. एकीनं काकीचा पदर धरला, एकीनं खांब, एक तात्यांच्या कोटाला लोंबकळली, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. क्षणात पडवीत सगळ्यांचा एकच गुंता झाला आणि त्या गुंत्याच्या मधोमध तात्या, पगार वाढल्यागत हसत. "हा गोळा," मी म्हणाले आणि शिशी वर धरली. "तेजाबाला नत्र हात देईना, म्हणून ते कर्बालाच भिडलं. एक कडं फुटलं, त्यानं दुसऱ्याला धरलं, त्यानं तिसऱ्याला. मग कोण कुणाला सोडतंय?"

सरांनी शिशी माझ्या हातून घेऊन उलटी करून पाहिली. मग तात्यांना म्हणाले, "मी गेली कित्येक वर्षं हे फळ्यावर काढतो आहे. मुलं उतरवून घेतात." आणि मला म्हणाले, "पुढच्या सत्रापासून वर्गात येऊन बस. पुढच्या बाकावर. प्रयोगशाळेत बाटली उघडण्याआधी मात्र विचारायचं." आबांकडं बघून त्यांनी हात जोडले. आबांनीही जोडले. सर गेले तसे तेही बाहेर पडले, डोक्याला पटका गुंडाळून, कुठं जातोय हे न सांगता.

त्या दिवशी काकीनं न विचारता शेवया केल्या. तात्या जेवले नाहीत, त्या गोळ्याचा एक तुकडा स्पिरिटमध्ये विरघळतो का हे बघत बसले. मी उंबऱ्यावर बसून राहिले. मला सरांनी हो म्हटलं होतं, पण आमच्या घरात शेवटचं हो आबांचं, आणि ते त्यांनी अजून म्हटलं नव्हतं. आबांचं बोलणं मुळातच कमी. माझ्याशी तर त्याहून कमी. आई नसलेल्या पोरीशी काय बोलावं हे त्या माणसाला कधी कळलं नाही, आणि घोड्यांशी बोलतात तसं बोलावं तर मी घोडा नव्हते. दिवस कलायच्या सुमाराला ते आले. पायताण काढलं, पाय धुतले, माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले. असे ते कधी बसत नसत. पटका गुडघ्यावर ठेवला आणि समोर गल्लीकडं बघतच म्हणाले,

"गारगोटीचं पावणं पेठेत उतरल्यात, त्यांस्नी सांगून आलो, पोरगी दिली. कुठं दिली म्हणून इचारलं, तर म्हटलं कालेजात. हुंडा न्हाय, मानपान न्हाय, आन् जेवायला रोज माहेरी. असलं सासर परत गावायचं न्हाय, हौसे. तितनं रुसून माघारी आलीस तर दारात उभी करून घेणार न्हाय बघ."